पोरीला काय सांगू गो, मंगल?

प्रिय मंगल,

काल लॅबमध्ये जे झालं ते घरात कुणाला सांगून कळत नाही, म्हणून तुला लिहायला बसले. माझ्या लॅबमधली ती सांग्याची पोरगी, चवथीला तुझ्याकडे नेवऱ्या खाऊन गेलेली, तिला अंतराळातून पडलेला तिचा पहिला कण मिळाला. हिंदी महासागराच्या तळाचा चिखल किती आठवडे धूत होती, चाळत होती, त्यातून लोहचुंबक फिरवत होती. मिलिमीटरच्या पाव भागाएवढा काळा गोळा, अरल्डाईटमध्ये बसवून घासला आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली घेतला, तर आत ऑलिव्हिन खनिजाच्या समांतर पट्ट्या आणि मधल्या काचेत मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं खनिज. म्हणजे वरून आलेलाच. वातावरणात शिरताना वितळला आणि काही सेकंदांत गार झाला. ती काही बोललीच नाही, खुर्ची मागे सारून नुसती उभी राहिली. तू या कणांना तीळ म्हणायचीस, संक्रांतीला गुळात घाल म्हणायचीस, आठवतं? चॅलेंजर जहाजाच्या 1872 ते 76 च्या सफरीत असलेच कण पहिल्यांदा समुद्रतळातून निघाले हे मी तिला सांगितलं, तर म्हणते मॅडम, मग इतक्या वर्षांत संपले नाहीत? संपतात कसले, रोज पडतायत. खोल समुद्रात हजार वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर गाळ साचतो म्हणून तिथे सापडतात, आपल्या अंगणात पण पडतात, फक्त मातीत हरवतात.

आणि संध्याकाळी तिच्या बाबांचा फोन. एलडीसीची, म्हणजे सरकारी कारकुनाच्या नोकरीची, तिची ऑर्डर आली. महिन्याभरात जॉइन व्हायचं. मॅडम, तुम्हीच तिला समजवा, तुमचं ऐकते.

आता सांग मी काय समजवू. त्या माणसाचा ट्रक खाणीवर होता गो. 2012 च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी बंद झाल्या आणि ट्रक दारात, हप्ते चालू. त्यांना सरकारी नोकरी म्हणजे काय वाटत असेल ते मला कळतं, एलडीसीला मी मुळीच कमी लेखत नाही. इकडे जेआरएफचे, म्हणजे संशोधनाच्या फेलोशिपचे, महिना 37,000 ऐकायला बरे, पण पाच वर्षांत ते संपणार, आणि ते पण दर महिन्याला वेळेवर येतील असं नाही. मग पोस्टडॉक, तो बहुतेक बाहेरच्या देशात, मग परत येऊन जागा निघायची वाट बघायची, तोवर वयाची अट. माझी अहमदाबादची वर्षं तू बघितलीस, आई आजारी असताना मी ट्रेनमध्येच असायचे.

तरी मनातून मला तिनं राहावं असंच वाटतं. हातच तसा आहे तिचा. ॲसिड, टेफ्लॉनच्या बाटल्या, कुठे घाई नाही. मिलिग्रॅमभर पूड एकदा विरघळवली की परत मिळत नाही, तिथे असलाच हात लागतो. परवा विचारलं तिनं, एवढासा लघुग्रह आतून वितळला कशानं? मी तिला असल्याच वितळलेल्या लघुग्रहाचा तुकडा, पिपलिया कलानची उल्का सांगितली, राजस्थानात 1996 च्या जूनमध्ये पडलेली. ॲल्युमिनियम-26 किरणोत्सारी, फुटताना उष्णता देतं; त्याचं अर्धायुष्य साधारण सात लाख वर्षं, ते सगळं केव्हाच संपलं, पण त्याचं झालेलं मॅग्नेशियम-26 त्या दगडात जास्तीचं सापडलं आणि वितळवणारी उष्णता कुठली ते कळलं. आणि ते मोजलं आपल्याच देशात, अहमदाबादला! दुसऱ्या दिवशी पोरगी अर्धायुष्याची गणितं करून आली, मी दिलीच नव्हती.

तू म्हणशील झालं हिचं सुरू. अनमोड घाटात पण तू असंच म्हणालीस, पायाखाली 340 कोटी वर्षांचा नाइस खडक असताना आभाळात काय बघतेस, आणि रागानं माझ्या वाटणीचे दोन्ही वडे खाल्लेस. मी अजून तेच म्हणते. अगो, पृथ्वीनं तिचे पहिले दगड स्वतःच वितळवून टाकले, 456 कोटी वर्षांपूर्वीचं काही हातात धरायचं तर उल्काच लागते. वडे तू देणं लागतेस ते वेगळंच.

पण तू खाणीवर गेलीस ती पक्की नोकरी म्हणूनच ना, आणि ती बंद पडली तेव्हा तुझ्याकडे एमएस्सी होती म्हणून हायर सेकंडरीत लागलीस. हे तिच्या बाबांना मी सांगून चालणार नाही, पगारावर बसलेली बाई म्हणतील, बरोबरच आहे. तू खाणीतली, तुझं ऐकतील. आणि तुला मनापासून वाटलं की तिनं एलडीसीच घ्यावी, तर तेही त्यांच्यासमोर मोकळेपणी सांग, मी भांडणार नाही.

माझं बीपी ठीक, गोळी चालू. तुझा गुडघा कसा आहे? रोहनचं ॲडमिशन झालं का, फोंड्याला की बाहेर? ट्युशन कमी कर जरा.

रविवारी दोघांना घेऊन अकरापर्यंत येते. तू फक्त भात लाव, सुंगटं मी आणते. येऊ ना, ते आजच कळव, त्यांना कुडचड्याहून बस धरायची आहे.

तुझी,
वर्षा