शैलाला पत्र : गोळी एवढ्यात सोडू नकोस

देवगड,
रविवार

प्रिय शैला,

पंधरा दिवसांत डोकं दुखायचं थांबलं नाही म्हणून रोजची गोळीच बंद केलीस? धन्य आहे तुझी! अगं, ती दुखणं थांबवायची गोळी नव्हेच. अर्धशिशीचे झटके मुळात कमी यावेत म्हणून ती रोज घ्यायची. आठ ते बारा आठवडे गेल्याशिवाय तिचा गुण कळत नाही. झटके निम्म्यावर आले तरी डॉक्टर ती लागू पडली म्हणतात. समूळ जातील असं कुणी कबूल केलेलं नाही.

मलाही अर्धशिशीसाठीच ॲमिट्रिप्टिलीन चालू आहे, रात्री १० मिलीग्रॅम. मुळात नैराश्यावरचं औषध. मेडिकलवाला ते चारचौघांत बोलला आणि मी घरी पोचायच्या आधी बातमी सासूबाईंपर्यंत! तोंडाला कोरड पडते, सकाळी डोळे उघडत नाहीत, म्हणून हल्ली जेवण झाल्या झाल्या घेते.

अर्धशिशीला रक्तदाबावरची प्रोप्रॅनोलॉलही देतात, मग तुला ती का नाही, विचारतेस. तुझा दमा गं! त्या गोळीने श्वासनळ्या आवळतात, आणि तुला आषाढात आधीच पंप लागतो. तुला दिलेल्या टोपिरामेटने बोटांना मुंग्या येतात, त्यांना घाबरू नकोस. पण तिने घाम कमी येतो, मुतखडाही होऊ शकतो. मे महिन्यात शेडमध्ये आंब्याच्या पेट्या भरायला बसशील तेव्हा पाण्याची बाटली शेजारी हवीच. आणि दुसऱ्या बाळाचं मनात असेल तर डॉक्टरांना आधी सांग. गर्भाला ती धोक्याची.

मला खरी काळजी आहे ती तुझ्या पर्समधल्या दुखणं थांबवायच्या गोळ्यांच्या पाकिटाची. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ दिवस, ट्रिप्टान (झटका आल्यावर घ्यायची अर्धशिशीची गोळी) किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या मिश्र गोळ्या १० दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं की गोळ्यांपायीच डोकं दुखायला लागतं. दुधाचे खाडे मांडतेस तशी कॅलेंडरवर खूण कर : दुखलं तर गोल, गोळी घेतली तर फुली. महिनाअखेर फुल्या मोज. नाकात तुपाचे थेंब सोडायचे तर खुशाल सोड, मी आड येत नाही.

महिन्याला एक घ्यायची ती सीजीआरपी या अर्धशिशी चाळवणाऱ्या शरीरातल्या द्रव्याला अडवणारी नवी इंजेक्शनं (पहिलं अमेरिकेत २०१८ साली मंजूर झालं) महाग आहेत. गोळ्या करून बघ, मग त्यांचा विचार.

उद्याच डॉक्टरांना फोन करून ‘मध्ये बंद केली होती, आता कितीपासून सुरू करू?’ असं विचार. आपल्या मनाने पूर्ण डोस घेऊ नकोस. काय म्हणाले ते लगेच कळव. पिंट्याला पापा.

तुझी,
वैजू