८७ किलोमीटरमध्ये कललेले शूज आणि खोक्यातलं कार्ड

सातारा,
२ फेब्रुवारी २०२६

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन विक्री विभाग

विषय : कार्बन प्लेटच्या शूजचा फोम ८७ किलोमीटरमध्ये बसल्याबद्दल, खरेदीआधी आवश्यक माहिती न दिल्याबद्दल आणि पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय,

९ नोव्हेंबर २०२५ रोजी मी तुमच्या वेबसाइटवरून पूर्ण मॅरेथॉनसाठी कार्बन प्लेटचे, म्हणजे तळाच्या फोममध्ये कार्बनची कडक पट्टी असलेले, शूज मागवले. किंमत २१,९९९ रुपये. बिलाची प्रत, फोटो आणि आजवरचा सगळा पत्रव्यवहार सोबत जोडला आहे. मी ४७ वर्षांची शिक्षिका आहे आणि दहा वर्षं धावते आहे. एवढे महाग शूज आयुष्यात पहिल्यांदाच घेतले. त्यासाठी वर्षभर दर महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला काढले होते. म्हणून हे पत्र सविस्तर लिहिते आहे. कृपया पूर्ण वाचावं.

शूज मी मनाने निवडले नाहीत. तुमच्या वेबसाइटवर योग्य शूज निवडून देणारी प्रश्नावली आहे, तिने निवडून दिले. तिने मला चार गोष्टी विचारल्या : स्त्री की पुरुष, वजन किती, शर्यत किती अंतराची, आणि पायाखाली मऊ हवं की कडक. मी ६१ किलो, ४२ किलोमीटर आणि मऊ अशी उत्तरं दिली. मऊ म्हणण्याला कारण होतं. मुंबईच्या शर्यतीत परतताना पेडर रोडचा चढ येतो तो ३५ किलोमीटरच्या पुढे. आदल्या वर्षी तिथे पोचेपर्यंत माझे तळवे आणि पोटऱ्या इतक्या ठणकत होत्या की तो चढ मी चालत चढले. या वेळी तिथे पाय शाबूत हवे होते. तुमच्या प्रश्नावलीने पहिल्याच क्रमांकावर हे शूज दाखवले आणि खाली लिहिलं होतं, ‘लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी सर्वांत योग्य’.

माझा पेस काय, म्हणजे एक किलोमीटर धावायला मला किती मिनिटं लागतात, हे कुठेच विचारलं नाही. टाच आधी टेकते की पावलाचा पुढचा भाग, घोटा आत झुकतो का, हेही नाही. दुकानात उभं राहून शूज घेताना साधा विक्रेतासुद्धा जुन्या शूजचा तळ उलटा करून बघतो, कुठे झिजलाय ते पाहतो. माझी टाच आधी टेकते आणि उजवा पाय थोडा आत पडतो. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

शूज १४ नोव्हेंबरला मिळाले. २३ नोव्हेंबरला १६ किलोमीटर धावले. त्यातला काही भाग यवतेश्वर घाटात होता, हे मी लपवत नाही. चढताना छान वाटलं, पण उतारावर वळणावळणाला टाच डगमगत होती, म्हणून पुन्हा घाटात नेले नाहीत. त्यानंतर ७ डिसेंबरला २१, २१ डिसेंबरला ३२ आणि २८ डिसेंबरला १८ किलोमीटर, हे सगळं महामार्गाच्या सपाट सेवा रस्त्यावर. चार वेळा मिळून ८७ किलोमीटर. घड्याळातली नोंद जोडली आहे. पावसात, चिखलात शूज एकदाही गेले नाहीत. रोजच्या धावण्याला माझे जुने, प्लेट नसलेले शूज आहेत.

३२ किलोमीटरच्या धावेत शेवटी उजव्या घोट्याच्या आतल्या बाजूला दुखू लागलं. २८ तारखेला तेच पुन्हा झालं. घरी येऊन शूज फरशीवर ठेवले, तर उजवा बूट आतल्या बाजूला कललेला दिसला. पट्टीने मोजलं. टाचेखालचा फोम आतल्या अंगाला बाहेरच्या अंगापेक्षा ५ मिलिमीटरने खाली बसला आहे आणि त्यावर आडव्या सुरकुत्या आहेत. डाव्या बुटात असा फरक नाही. खालचं रबर मात्र जवळजवळ नवं आहे. म्हणजे रस्त्याने शूज झिजवले नाहीत, आतला फोमच दबला आणि परत वर आला नाही.

मी २९ डिसेंबरला तक्रार नोंदवली. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. पोच २ जानेवारीला आली. ८ जानेवारीला कळवण्यात आलं की ही वापरामुळे होणारी नेहमीची झीज आहे आणि शूजच्या खोक्यातल्या कार्डावर सूचना दिलेल्या आहेत. त्यानंतर दोनदा लिहिलं, त्याला उत्तर नाही.

ते कार्ड मी पुन्हा काढून वाचलं. माझी खरी तक्रार त्या कार्डाबद्दल आहे. त्यावर बारीक अक्षरात छापलंय की हे शूज फक्त शर्यतीच्या दिवसासाठी आहेत, फोम अतिमऊ असल्याने त्याचं आयुष्य मर्यादित आहे, आणि किलोमीटरला ५ मिनिटांपेक्षा वेगाने धावणाऱ्यांना ते अधिक मानवतील. माझा पेस साडेसहा मिनिटांचा आहे. यातलं एक वाक्यही विक्रीच्या पानावर नाही. तिथला मजकूर त्या दिवशी छापून घेतला होता, तोही जोडला आहे. पैसे भरल्यावर खोका उघडून जे कळतं, ते पैसे भरण्याआधी का सांगितलं नाही? आणि बाहेर धावलेले शूज परत घेत नाही हा नियम तुमचाच. घरातल्या फरशीवर चार पावलं टाकून ४२ किलोमीटरचे शूज कुणाला पारखता येतील?

विक्रीच्या पानावर ‘४ टक्के अधिक वेग’ असं ठळक लिहिलं आहे. हा आकडा ज्या अभ्यासामुळे धावपटूंच्या तोंडी झाला तो अमेरिकेत कोलोराडो विद्यापीठात झाला आणि २०१८मध्ये छापून आला. तो दुसऱ्या कंपनीच्या, नायकीच्या, प्रायोगिक शूजवर होता. त्यात १८ धावपटू होते आणि ते ताशी १४, १६ आणि १८ किलोमीटर वेगाने धावले. सरासरी ४ टक्के वाचली ती धावायला लागणारी ऊर्जा. वेग ४ टक्क्यांनी वाढतो असं तो अभ्यास म्हणत नाही. मी ताशी सव्वानऊ किलोमीटरने धावते. कमी वेगात हा फायदा घटतो आणि माणसागणिक बदलतो. शिवाय माझ्यासारखीचं पाऊल जमिनीवर जास्त वेळ टेकलेलं असतं आणि भार टाचेवर येतो. अशा पावलाखाली एवढा उंच, एवढा मऊ फोम किती तग धरेल, हे बनवणाऱ्याला माहीत असायलाच हवं. वर्ल्ड ॲथलेटिक्स या धावण्याच्या शर्यतींचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संघटनेची मान्यता आहे हेही त्याच पानावर आहे. पण रस्त्यावरच्या शर्यतीत ४० मिलिमीटरपर्यंत तळ आणि एकच कडक प्लेट, हा नियम शर्यत बरोबरीची व्हावी म्हणून आहे. शूज माझ्या पायाला चालतील याची ती हमी नव्हे.

मऊ कार्बन शूज वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. आमच्या गटातला एक मुलगा अशाच शूजवर तीन तासांच्या आत मॅरेथॉन धावतो, त्याला ते उत्तम मानवतात. पण त्याला आणि मला एकच शूज सुचवणारी प्रश्नावली निवडीला मदत करत नाही.

१८ जानेवारीला मी मुंबईत जुन्याच शूजवर धावले. ७०० किलोमीटर झालेले, तळ चपटे झालेले. ४ तास ३५ मिनिटांचं ध्येय होतं, ४ तास ५२ मिनिटं लागली. त्या वेळेचा हिशेब मी तुमच्याकडे मागत नाही, धावणं माझं होतं. पेडर रोड मात्र या वेळीही चालत चढावा लागला, आणि त्याचं मला फार वाईट वाटलं.

माझी मागणी अशी आहे की २१,९९९ रुपये पूर्ण परत मिळावेत. बदली जोड किंवा पुढच्या खरेदीवर सूट नको. तसंच, कार्डावरचा मजकूर विक्रीच्या पानावर किमतीच्या शेजारी, वाचता येईल अशा अक्षरात द्यावा, आणि प्रश्नावलीत पेस व पाऊल टेकण्याची पद्धत विचारावी. दुसरी मागणी मला पैशांइतकीच महत्त्वाची आहे. आमच्या गटातल्या तीन बायका पुढच्या मोसमात पहिली पूर्ण मॅरेथॉन धावणार आहेत आणि त्या याच पानावरून शूज बघत आहेत.

१५ दिवसांत लेखी उत्तर मिळालं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून मी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

शूज धुतलेले नाहीत. २८ डिसेंबरला जसे काढले तसेच कार्डासह खोक्यात ठेवले आहेत. तपासणीसाठी तुमचा माणूस कुठल्याही रविवारी दहानंतर घरी येऊ शकतो. शूज कुरिअरने हवे असतील तर त्याचा खर्च कंपनीने करावा आणि मिळाल्याची लेखी पोच द्यावी.

आपली,
एक ग्राहक
(नाव, पत्ता आणि ऑर्डर क्रमांक सोबतच्या बिलावर)