मंगळवारी निघून गुरुवारी पोहोचतो, त्याचा हिशेब

सनीव्हेल, कॅलिफोर्निया
7 जून

तीर्थरूप बाबा व तीर्थरूप सौ. आई यांस शिरसाष्टांग नमस्कार.

आपण भिंतीवरच्या नकाशावर सॅन फ्रान्सिस्कोपासून दुबईपर्यंत दोरा ताणून माझे विमान अटलांटिकवरून येणार असे ठरवलेत, हे वाचून मौज वाटली. त्या वाटेने सुमारे 16,900 किलोमीटर पडतील; जवळची वाट 13,040 किलोमीटरची आहे. तोच दोरा चिऊच्या पृथ्वीगोलावर ताणून पाहावा. दुबई 55 अंश पूर्व रेखांशावर आणि सॅन फ्रान्सिस्को 122 अंश पश्चिम रेखांशावर, म्हणजे दोन्ही शहरे गोलाच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना असल्यामुळे, दोरा उत्तर ध्रुवाला खेटून जाईल. वारे आणि उड्डाणास बंद असलेले प्रदेश पाहून विमान थोडेफार वळवतात, तरी रोख उत्तरेचाच असतो. गेल्या जूनमध्ये आलो तेव्हा माझ्या घड्याळात मध्यरात्र होत आली होती. खिडकीची झडप बोटभर वर केली, तर लख्ख ऊन आत आले आणि शेजारचे झोपलेले गृहस्थ कुरकुरले, म्हणून ती लगेच खाली ओढावी लागली. तिथे या दिवसांत सूर्य मावळतच नाही.

आता वेळेचे. विमान मंगळवारी दुपारी पावणेपाचला सुटते आणि पावणेसोळा तासांनी दुबईला उतरते. तिथे अडीच तास थांबून पुढचे 1,930 किलोमीटर तीन तासांत कापले की मुंबई, गुरुवारी पहाटे अडीच. तिकिटावरच्या तारखा पाहून आई म्हणते तसा मी दोन दिवस हवेत लटकत नसतो. इथले घड्याळ सध्या आपल्या मागे साडेबारा तास असते. तेवढे वजा केले की सारा प्रवास सव्वाएकवीस तासांचा भरतो. परतताना हेच उलट होते: मुंबईहून पहाटे चारला निघालेला माणूस तेवढाच वेळ प्रवास करून त्याच दिवशी दुपारी पाऊणच्या सुमारास इथे उतरतो, आणि हे आईला पटवणे मला अजून जमलेले नाही.

हे एवढे सविस्तर लिहिण्याचे कारण दादा. मागच्या खेपेस तिकिटावरचे ‘गुरुवार, 2.30’ वाचून तो दुपारी अडीचला विमानतळावर आला आणि मी बारा तास सामानावर डोके टेकून बसलो होतो. या वेळी त्याने बुधवारी संध्याकाळी सातच्या आत साताऱ्याहून निघावे; वाट अडीचशे किलोमीटरची आहे आणि पावसात घाटात खोळंबा ठरलेलाच. रात्रीचे जेवण त्याने घरूनच करून निघावे. माझ्यासाठी डबा देऊ नये असे लिहिणार होतो, पण आई ऐकणार नाही, तेव्हा पोळ्या चारच द्याव्यात.

आपला,
धाकटा