कादंबऱ्या वाच, पण दार लावून घेऊ नकोस

प्रिय सोनू,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

दादाशी भांडण झाल्यापासून तू माझाही फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. त्याचं म्हणणं त्यानेच सांगितलं: लग्न मोडल्यापासून सोनू बायबल उघडत नाही, नुसत्या ख्रिस्ती कादंबऱ्या वाचत बसते. तू काय उत्तर दिलंस तेही कळलं. तुम्हा दोघांच्या मध्ये मी पडत नाही. पुस्तकांबद्दल मात्र बोलणार, कारण ती या घरात मीच आणली.

कादंबऱ्यांची मला काळजी नाही. दावीद राजा घसरला तेव्हा नाथान संदेष्ट्याने त्याला आज्ञा वाचून दाखवल्या नाहीत. गरिबाच्या एकुलत्या एका कोकराची गोष्ट सांगितली, आणि राजा संतापून स्वतःच त्या गोष्टीत सापडला. प्रभू येशूनेही पेरणारा, हरवलेलं मेंढरू, उधळा पुत्र अशा गोष्टीच सांगितल्या. तेव्हा गोष्ट वाचणं म्हणजे वचनापासून पळणं, असं मी मानत नाही. दमूनभागून आल्यावर ज्या पुस्तकात माणसं एकमेकांना क्षमा करतात आणि पुन्हा उभी राहतात, ते वाचून बरं वाटत असेल तर वाटू दे की.

मला घोर आहे तो वेगळा. तू कोणाशी बोलत नाहीस. मावशी सांगत होती, उपासनेला शेवटच्या बाकावर बसतेस आणि आशीर्वचन व्हायच्या आत निघून जातेस. हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहिलं गेलं.

तुला सी. एस. लुईसची ती अस्लान नावाच्या सिंहाची गोष्ट आठवते? १९५० सालचं पुस्तक, पण तुझ्यासाठी ते कालच घडत होतं. दगडी मेजावर अस्लानला बांधून मारलं तिथे तू पुस्तक मिटलंस आणि खोलीबाहेर नेऊन ठेवलंस. पुढे वाचायला तयार नाहीस, जेवायला तयार नाहीस. बाबा म्हणाले, शेवट सांगून टाक पोरीला. मी सांगितला नाही. पहाटे तूच पुस्तक आत घेतलंस आणि धावत येऊन मला उठवलंस, "आई, उंदरांनी दोऱ्या कुरतडल्या!" सिंह जिवंत झाला हे तू नंतर सांगितलंस, आधी उंदीर. पुढे पुनरुत्थानाच्या दिवशी संडेस्कूलमध्ये बाईंनी विचारलं तेव्हा सगळ्यात आधी तुझा हात वर होता. दादा हे विसरला असेल. मी नाही विसरले.

आता एक सांगते, रागावू नकोस. तू सध्या ज्या प्रेमकथा वाचतेस त्या मीही वाचते. भाषा स्वच्छ, माणसं चांगली, कोणाच्याही हाती निर्धास्त द्यावीत अशी. पण त्यांतल्या बऱ्याच कथांत नायिका प्रार्थना करते आणि शेवटच्या प्रकरणात उत्तर दाराशी येऊन उभं राहतं. मनमोकळं व्हायला ठीक आहे. त्यावरून देवाची परीक्षा घेऊ नये. माझं उत्तर का आलं नाही, माझंच काही चुकलं का, असं तू रात्री मनात घोळवत असशील, या विचाराने मला झोप लागत नाही.

म्हणून कॉरी टेन बूम या डच बाईंच्या आठवणींचं पुस्तक पाठवते आहे, १९७१ साली आलं ते. लोक त्यातल्या छळछावणीबद्दलच बोलतात. तू आधी करेलचं प्रकरण वाच. ज्याच्यावर तिचा जीव होता तोच एक दिवस आपल्या वाग्दत्त वधूला घेऊन दारात आला. ती वर जाऊन रडत पडली. मग जिन्यावर वडिलांची पावलं वाजली. तिला भीती वाटली, हे आता म्हणतील, दुसरा कोणी भेटेल. ते तसं म्हणाले नाहीत. म्हणाले, वाट अडली की प्रेम दुखतं. ते मारून टाकता येतं, नाहीतर त्याला दुसरी वाट दे असं देवाला मागता येतं. कॉरीने पुढे लग्न केलं नाही. दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून तिच्या घरात ज्यू लोक लपले आणि वाचले. तिची बहीण बेट्सी १९४४ च्या डिसेंबरात रावेन्सब्रुकच्या छळछावणीत वारली. ते दुःख पुस्तकात कुठे झाकलेलं नाही, म्हणून मला त्यातली आशा खरी वाटते. तुला तसं वाटायलाच हवं असं नाही. पुन्हा उपदेश झाला, माफ कर.

जॉन बनियनचं यात्रेकरूचं पुस्तकही त्याच पार्सलात आहे, बाबांच्या खुणांसकट. बनियनने बारा वर्षं तुरुंगात काढली, पुस्तक १६७८ साली छापलं गेलं. त्यात संशयाच्या किल्ल्यात निराशा नावाचा राक्षस ख्रिस्ती नावाच्या यात्रेकरूला आणि त्याच्या सोबत्याला कोंडतो, मारतो, आणि जीव द्या म्हणून सांगतो. ख्रिस्ती डगमगतो. बरोबर आशावंत नावाचा तो सोबती असतो, तो त्याला थोपवतो. मग पहाटेपर्यंत प्रार्थना केल्यावर ख्रिस्तीला आठवतं की वचनाची किल्ली आपल्याच उराशी आहे. बाबांनी किल्लीच्या ओळीखाली रेघ ओढली आहे. मी तिथे वाचते तेव्हा मला आशावंतच दिसतो. तो सोबत नसता तर? सोनू, तुझ्या खोलीत कोण आहे?

तू मोडली नाहीस हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी तू त्यांच्या घरच्यांसमोर जशी शांतपणे बोललीस, मला तेव्हा रडूही येत होतं आणि मान ताठ झाली होती. पाळक साहेबांनीही नंतर बाबांना तेच सांगितलं.

बायबल आज उघडवत नसेल तर नको उघडूस. स्तोत्रसंहितेतलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं, तेही शास्त्रातच आहे. मी तुझ्या वाटचं वाचते आहे.

येत्या रविवारी उपासना झाल्यावर मावशीबरोबर तिच्या घरी जा. बोलायचं नसेल तर कादंबरी घेऊन जा आणि तिच्याकडे बसून वाच, ती काही विचारणार नाही, मी बजावलं आहे. पण जा.

तुझी,
आई