वरच्या वाडीचे पाणी पावसाआधी वळवण्यासाठी आवाहन

समस्त ग्रामस्थ, मुंबई-पुण्याचे चाकरमानी आणि माहेरवाशिणी यांना सप्रेम नमस्कार.

२२ जुलै २०२१ ची संध्याकाळ आपल्या महाड तालुक्यात कोणी विसरलेले नाही. तळियेवर दरड आली. शेजारच्या पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर तीच पाळी आली. त्याआधी २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते. आपल्या वरच्या वाडीचे नाव कुठल्या दरडप्रवण यादीत नाही, म्हणून काही जण निर्धास्त आहेत. त्यांच्यासाठी एवढेच, की १९ जुलै २०२३ ला गाडली गेलेली खालापूरची इर्शाळवाडीही सरकारच्या यादीत नव्हती.

ग्रामपंचायत आणि मुंबईकर मंडळ यांनी मिळून या उन्हाळ्यात वाडीच्या वरच्या अंगाचे काम हाती घेतले आहे. पैसे मागण्याआधी काम काय आणि का, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे.

आपला डोंगर म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक बसलेले थर. समोरच्या कड्याकडे बघा. काळा घट्ट कातळ, त्यावर भोकाभोकांचा, पांढरे खडे भरलेला ठिसूळ दगड, मध्येच तांबडा पट्टा, आणि वर पुन्हा कातळ. हा तांबडा पट्टा कुठे चार बोटे, कुठे हातभर. एक लाव्हा थंड होऊन त्याच्या माथ्याची माती झाली, तिच्यावर दुसरा लाव्हा येऊन ती भाजली, असा त्याचा जन्म. चिकणमातीसारखा असल्याने तो पाणी सहसा खाली उतरू देत नाही. मग पाणी आडवे चालते आणि उतारावर बाहेर फुटते. वाडीचा बारमाही झरा अशाच पट्ट्यावरून येतो.

वाडीला धोका आहे तो कातळावर बसलेल्या भरीचा. कड्यावरून एखादा धोंडा सुटतो, तो प्रकार निराळा. पण अख्खी वाडी घेऊन जाते ती माती, मुरूम आणि डबर. माघात श्रमदानाने आपण वाडीच्या मागे पुरुषभर खोलीचे दोन खड्डे घेतले. पहिल्यात हातभर तांबूस माती, तिच्याखाली मुरूम आणि त्यात कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोल गोटे. म्हणजे दगड जागच्या जागी कुजलेला. घराला जवळ असलेल्या दुसऱ्या खड्ड्यात मात्र तळापर्यंत धारदार कोपऱ्यांचे लहानमोठे धोंडे मातीत कसेही कोंबलेले निघाले, आणि छातीइतक्या खोलीवर मातीच्या मडक्याचे खापर. कातळ लागलाच नाही. ही भर वरून आलेली आहे आणि माणसे इथे राहू लागल्यानंतर आलेली आहे. वाडवडिलांनी सपाट जागा आणि वर झरा बघून वस्ती केली. ती सपाटीच बहुधा जुन्या दरडीने केलेली आहे.

अशा भरीत पाणी मुरले की तिचे वजन वाढते, कणाकणांमधली पकड सुटते आणि खालच्या कातळावरून सगळे एकदम निघते. जुलै २०२१ च्या त्या पावसात महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला होता. एवढे पाणी आपण अडवू शकत नाही. भरीत कमी मुरेल एवढे बघू शकतो.

इथे एक गैरसमज दूर करतो. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे पठारावर आणि माळावर ठीक. वाडीच्या डोक्यावर पाणी जिरवायचे नाही. मागे कोणी सुचवलेले समतल चर, म्हणजे उताराला आडवे, पाणी जागीच मुरवणारे चर, म्हणूनच नाकारले. आपल्याला हवा आहे तो उतरता, दगड-सिमेंटने बांधलेला पाट, जो वरचे पाणी वाडीच्या बाजूने थेट पऱ्यात सोडेल. झऱ्याचे पाणीही पाइपातून पलीकडे न्यायचे आहे. झाडांचे म्हणाल तर जरूर लावू, पण त्यांची मुळे वरची माती धरतात. दोन-तीन पुरुष खोलीची भर ती धरणार नाहीत.

खर्च मुख्यतः सिमेंट, पाइप आणि गवंड्यांची मजुरी. त्याखेरीज पर्जन्यमापक, भोंगा, आणि शाळेत रात्री मुक्कामाची सोय, म्हणजे ताडपत्र्या, सौरदिवे, जादा शौचालय. शाळा कातळाच्या सोंडेवर आहे, म्हणून ती निवडली. घरटी किमान एक हजार रुपये वर्गणी ठरली आहे. ज्यांना जमत नाही त्यांनी चार दिवस अंगमेहनत द्यावी, ती वर्गणीच धरली जाईल.

पाटाची आखणी ज्यांच्या वरकस जमिनीतून जाते त्यांची लेखी संमती हवी आहे. मुंबईत असलेल्या हिस्सेदारांनी भावकीतल्या जुन्या कुरबुरी बाजूला ठेवून शिमग्याला येताना सही करून जावी. घरासाठी जागा काढायला जेसीबीने पायथा उभा कापण्याचे प्रकार ताबडतोब थांबवावेत. माळीण २०१४ मध्ये गाडले गेले, तेव्हाही उतारावरच्या यंत्राने केलेल्या सपाटीकरणावर बरेच बोलले गेले होते.

आणखी एक मागणे वयस्कर मंडळींकडे. कुठला बांध कधी खचला, कुठला झरा जागा बदलून फुटला, कुठे पूर्वी रान उघडे पडले होते, हे आठवत असेल तर सांगा. आम्ही ते गावनकाशावर उतरवतो आहोत. आपल्यापैकी कोणाची मुले भूशास्त्र किंवा स्थापत्य शिकत असतील तर त्यांनी मे महिन्यात येऊन आमची आखणी तपासावी. जेवणखाण गावाकडे.

काम मृगापूर्वी पुरे करायचे आहे. नाही झाले, तर वरच्या बारा घरांनी मुसळधार पावसाच्या रात्री शाळेत यायचे, हे ग्रामसभेत ठरलेले आहे. झरा अचानक गढूळ झाला किंवा आटला, अंगणाला भेग पडली, खांब कलला, दार चौकटीत अडकू लागले, तर पावसाची वाट न बघता निघायचे.

वर्गणी ग्रामपंचायत कार्यालयात किंवा मुंबईकर मंडळाच्या खजिनदारांकडे द्यावी. पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जमाखर्च दर महिन्याला देवळाच्या फळ्यावर लागेल आणि गणपतीत सगळे गावी असताना वाचला जाईल.

आपले नम्र,
ग्रामपंचायत आणि मुंबईकर मंडळ