पाकिटाला दोष देण्याआधी

प्रिय नंदू,

तुझं पत्र मिळालं. झेंडू वर आला, झिनिया आली, पण पिटुनियाचं एकही रोप दिसलं नाही आणि गोकर्णाच्या बिया टाकल्या तशाच पडून आहेत, म्हणून तू सगळं खापर बियांच्या पाकिटावर फोडून मोकळा झालास. बियाणं जुनं असेलही. पण त्याच पत्रात खाली लिहितोस की सगळ्या बिया एका मापाने, बोटाच्या एका पेराइतक्या खोल टोचल्या. मला संशय त्या पेराचा आहे.

पिटुनियाची बी तू हातावर घेऊन पाहिलीस का? एका ग्रॅममध्ये साधारण 10 हजार बसतात. एवढ्याशा दाण्यात शिदोरी ती किती असणार? पेरभर माती ढकलून वर येण्याइतकी ताकद त्यात नसतेच. म्हणून अशा धुळीसारख्या बहुतेक बिया उजेड लागल्याशिवाय जाग्याच होत नाहीत. पिटुनिया, बिगोनिया, स्नॅपड्रॅगन यांना मातीखाली घालायचंच नाही. ओल्या मातीवर भुरभुरायचं, बोटाने हलकं दाबायचं आणि वर माती टाकायचा मोह आवरायचा. भुरभुरताना बियांत चिमूटभर कोरडी बारीक वाळू मिसळ, नाहीतर एकाच जागी शंभर रोपांचा गुच्छ उगवतो आणि मग विरळणी करताना जीव जातो.

उजेड बीला कळतो तरी कसा, हा प्रश्न मला फार दिवस छळत होता. त्याचं उत्तर अमेरिकेत बेल्ट्सव्हिल इथल्या शास्त्रज्ञांनी लेट्यूसच्या बियांवर शोधलं, 1952 साली. बियांवर लाल उजेड टाकला की त्या रुजत. त्यानंतर लालच्या पलीकडचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा उजेड टाकला की पुन्हा गप्प. असं आलटून पालटून कितीही वेळा केलं, तरी शेवटचा झोत कोणता होता त्यावर निकाल ठरायचा! बीतल्या ज्या रंगद्रव्याला हा उजेड कळतो, त्याला पुढे फायटोक्रोम हे नाव मिळालं. झाडाच्या हिरव्या पानांतून लाल उजेड शोषला जातो आणि पलीकडचा खाली झिरपतो. म्हणजे डोक्यावर दाट पानोळा आहे हे बीला मातीतच समजतं, आणि मोकळी जागा मिळेपर्यंत ती थांबते. एवढा विचार तर आपणही घर बांधताना करत नाही.

उलट काही बियांना अंधारच हवा. सदाफुली, फ्लॉक्स, लार्कस्पर ही मंडळी उजेडात रुसतात. त्यांना नीट झाकायचं आणि कोंब दिसेपर्यंत ट्रेवर पुठ्ठा ठेवायचा. पण सदाफुलीला उबही चांगली लागते, 24-25 अंश तरी. लार्कस्परला मात्र 15 अंशांच्या आसपासचा गारवा मानवतो. या दोघी एका ट्रेत शेजारी बसवल्यास तर एक तरी नाराज होणारच. झेंडू आणि झिनिया यांचे असले काही नखरे नाहीत, 20 ते 25 अंशांत आठवड्याच्या आत वर येतात. तुझ्याकडे तेवढेच दोघे आले, यात नवल ते काय? बाकीच्यांसाठी ठोकताळा असा, की बीच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट माती वर यावी. पेर वगैरे विसर.

आता तुझं गोकर्ण. त्याचं टरफल इतकं घट्ट असतं की पाणी आतच शिरत नाही. आणि पाणी शिरलं नाही तर पुढचं काहीच घडत नाही. बी आधी पाणी पिऊन फुगते, मग आतला गर्भ साठ्याला इशारा देतो, साठवलेल्या पिठाची साखर व्हायला लागते आणि मूळ बाहेर पडतं. मूळ आधी, कोंब नंतर. गोकर्ण, मॉर्निंग ग्लोरी, स्वीट पी, कर्दळ या सगळ्यांच्या दाराला अशी कडी आहे. नेलकटरने टरफलाला अगदी बारीक टवका पाड किंवा पॉलिश पेपरवर एक बाजू घास, आतला फिकट रंग दिसेपर्यंतच. बीवर जो डाग असतो, तिथून ती शेंगेला चिकटलेली असते. गर्भ त्या डागाजवळ असतो, म्हणून टवका त्याच्या विरुद्ध बाजूला. मग कोमट पाण्यात रात्रभर ठेव. सकाळी फुगलेल्या पेरायच्या, न फुगलेल्या परत घासायच्या. कर्दळीला मात्र घासताना हात दुखेल, ती खरोखर छऱ्यासारखी टणक असते.

भिजवण्याचा अतिरेक नको. दोन-दोन दिवस वाटीत ठेवल्या की बिया गुदमरतात, कारण रुजताना त्यांना प्राणवायूही लागतो. झेंडू-झिनियाला तर भिजवायची गरजच नाही. आणि एक, मॉर्निंग ग्लोरी आणि गुलबक्षी यांच्या बिया विषारी असतात. भिजवलेली वाटी लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नकोस.

हे टरफल किती काळ टिकावं? चीनमधल्या एका सुकलेल्या तळ्याच्या तळातून कमळाच्या जुन्या बिया निघाल्या. त्यांतली एक सुमारे 1300 वर्षांची होती. टरफल कापून पाण्यात ठेवल्यावर ती रुजली. तुझी गोकर्णाची बी तर गेल्या हंगामातली, तिच्याबद्दल एवढ्यात आशा सोडू नकोस.

पण सगळ्याच बिया कमळाच्या जातीच्या नसतात, म्हणून पाकिटावरचा तुझा राग अगदीच चुकीचा म्हणत नाही. शंका असेल तर पेरण्याआधी दहा बिया ओल्या टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून झाकणाच्या डब्यात, उबेला ठेव. सात-आठ रुजल्या तर बियाणं चांगलं. तीन-चारच रुजल्या तर दाट पेर, टाकून देऊ नकोस. टणक टरफलाच्या असतील तर आधी घासून मगच ही परीक्षा घे, नाहीतर जिवंत बी नापास होईल. उरलेल्या बिया खिडकीत ठेवू नयेत. ढोबळ नियम सांगतो, बीतला ओलावा एक टक्क्याने कमी झाला की तिचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान 5 अंशांनी उतरलं तरी तसंच. म्हणजे खडखडीत वाळवून, हवाबंद बरणीत, फ्रिजमध्ये. लॅव्हेंडर आणि कोलंबाइन यांना तर पेरण्यापूर्वीही फ्रिज लागतो, पण तो कोरडा नव्हे: ओलसर वाळूत, तीन-चार आठवडे, हिवाळा होऊन गेला असं त्यांना वाटेपर्यंत.

रोपं उगवल्यावर दुसऱ्याच दिवशी माना टाकून आडवी झाली असं तू लिहिलंयस. ती कोलमड, बुरशीचं काम. जमिनीलगत देठ पाण्याने भिजल्यासारखं दिसतं, बारीक होतं आणि रोप पडतं. पडलेलं रोप वाचत नाही; काढून टाक, आजूबाजूची मातीही उचल. बाकीच्यांसाठी पाणी वरून ओतणं बंद कर. ट्रे पाण्याच्या ताटात ठेव, माती वरपर्यंत ओलसर झाली की उचल. बागेतली जुनी माती बियांसाठी नको, कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि थोडं चाळलेलं गांडूळखत पुरे. खत जास्त नको, उगवायला खत लागत नाही. पहिले कोंब दिसले की झाकण काढ आणि ट्रे खिडकीशी, नाहीतर रोपं उजेडाच्या शोधात लांबुडकी होतात आणि तशी रोपं मला आवडत नाहीत, पुढे आधार देत बसावं लागतं. पहिली जोडपानं मोजू नकोस. त्यानंतर खरी पानं दोन-तीन आली की प्रत्येक रोप वेगळं कर, पानाला धरून. देठाला धरलंस तर ते चेमटतं.

पुढच्या वेळी बिया काढून ठेवशील तेव्हा हायब्रिड पाकिटातल्या झाडाच्या ठेवू नकोस. त्यांची पिल्लं आईसारखी निघत नाहीत. साध्या झेंडूच्या ठेव. फूल पूर्ण वाळलं की पाकळ्या ओढायच्या, काळी काडी सुटते, तीच बी.

आता असं कर, ट्रे तीन घे, उजेडाचा, अंधाराचा आणि घासलेल्या बियांचा. पाकिटाच्या मागे काय छापलंय तेही शब्दशः लिहून पाठव, विशेषतः पॅकिंगचं वर्ष. तुझ्या चष्म्याला ते दिसत नसेल तर फोटो पाठव.

तुझा,
दिनू