तेवढं धुळीचं बघ

कर्वेनगर, पुणे
गुरुवार

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "बाबा, मी परत रुजू होत नाहीये, मिरजेतच तंबोरे करायला शिकणार," आणि मी म्हणालो, "बरं." मग आईने फोन घेतला, पुढचं तुला माहीत आहे. त्या "बरं"च्या पुढचं मला फोनवर बोलता येत नाही, म्हणून लिहितोय. पगाराविषयी लिहिणार नाही. हिंजवडीत तुला मिळत होतं तेवढं मला निवृत्त होतानाही मिळत नव्हतं, तेव्हा त्यात मी काय बोलणार? धुळीविषयीही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण एकदाच लिहून टाकतो.

लोखंडाचा कीस जड, तो खाली पडतो. लाकडाची धूळ तरंगते. आमच्या कारखान्यात ओतकामाचे लाकडी नमुने करणाऱ्या पॅटर्न शॉपमधल्या लोकांच्या भुवया दुपारपर्यंत पांढऱ्या व्हायच्या. नाकाला रुमाल बांधून ती अडत नाही. एन-९५ मास्क लाव, कोणी हसलं तरी. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. आणि दम्याचा रोजचा पंप चुकवू नकोस. धाप लागली की घ्यायच्या निळ्या पंपावर दिवस ढकलायची तुझी सवय मला माहीत आहे. झालं, धुळीचं संपलं.

तू जवारीचं, म्हणजे तारा ज्यावरून जातात ती घोडी घासून सूर उघडण्याचं, सांगितलंस ते मला लगेच कळलं. आईला वाटलं मी उगाच मान हलवतोय. घोडीचा माथा कानशीने इतका अलगद उतरवायचा की तार त्याला टेकते म्हणावं तर टेकत नाही. मग खाली सुताचा दोरा सरकवत आणला की एका जागी स्वर उघडतो. अगं, आमचं स्क्रेपिंग दुसरं काय होतं? प्लेटला निळा रंग लावायचा, जॉब त्यावर घासायचा, जिथे निळं उमटेल तेवढाच उंचवटा खरवडायचा, की परत घास. आम्हाला निदान डोळ्यांना दिसायचं. तुम्हाला ते कानाने शोधायचं आहे.

भोपळे आतून खरवडण्यातच सहा महिने गेले, कानस अजून हातात दिली नाही, म्हणून कुरकुरलीस. ते मला आवडलं नाही. आयटीआयमध्ये आम्हाला सुरुवातीला लोखंडाचा एक ठोकळा देत. घासत बसा, सगळे कोन काटकोन होईपर्यंत. काटकोन तपासायचा ट्राय स्क्वेअर लावून उजेडाकडे धरायचा, फटीतून उजेड दिसला की पुन्हा कानस. तळहाताला फोड यायचे, रडू यायचं. मग एकदा असं झालं की ठोकळा उजेडाकडे धरायच्या आधीच हाताला कळलं, इथे राहिलंय. कोणी शाबासकी दिली नाही, मला ती नकोही होती. घरी येऊन आजीला सांगायला गेलो तर काय सांगायचं तेच कळेना. ते ज्याला एकदा मिळालं तो मग त्या कामातून उठत नाही. तुला ते मिळेपर्यंत भोपळेच खरवड, पण घाई करू नकोस, आजकाल सगळ्यांना सहा महिन्यांत... असो. भाषण झालं, माफ कर.

वरच्या काकूंनी विचारलंच, "इंजिनिअर मुलगी आणि सतारमेकर गल्लीत काय करते?" मी म्हटलं, मिरजेत ही वाद्यं करायला सुरुवात केली त्या फरीदसाहेबांचं घराणं मुळात शिकलगारांचं, हत्यारांना धार लावणारं. ते काम आटलं तेव्हा ती माणसं वाद्यांकडे वळली. मग संगणकाकडून कोणी तंबोऱ्याकडे वळलं तर जगावेगळं काय? २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं त्याचं कात्रणही दाखवलं. त्या चहा न घेता गेल्या. (आईला सांगू नकोस, ती माझ्यावरच चिडेल.)

डिसेंबरात मुकुंदनगरला सवाई गंधर्व महोत्सवाला गेलो होतो. या वेळी माझं लक्ष गाण्याकडे कमी आणि मागच्या दोन तंबोऱ्यांकडे जास्त. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झालेले, सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, आणि त्यांच्या नावाने भीमसेनजींनी १९५३ मध्ये हा उत्सव सुरू केला. म्हणजे मांडवातला सूर एका अर्थी तुमच्या गावचाच. निवेदक गायकाचं नाव घेतो, तबल्याचं, पेटीचं घेतो, तंबोऱ्यावर कोण बसलंय तेही सांगतो. तंबोरा केला कोणी, हे मी आजवर ऐकलेलं नाही. तुला चालेल का हे? नीट विचार कर. मला चाललं. मी बनवलेल्या डायमधून निघालेले भाग पुण्यातल्या किती गाड्यांत फिरत असतील, कुणाला ठाऊक आहे? मला आहे. सिग्नलला उभा राहिलो की मी बघतो.

सवाई रमणबागेत व्हायची तेव्हा तुला घेऊन जायचो ते आठवतं? पुढची माणसं उठली-बसली की मैदानाची धूळ उडायची. एका रात्री माझ्या मांडीवर तुझी छाती वाजायला लागली. शालीत गुंडाळून तुला चेतक स्कूटरवर पुढे उभी केली आणि लक्ष्मी रोडवरून डॉक्टरांकडे. सगळ्या रस्त्याने तू विचारत होतीस, "त्या काकू मागे बसून एकच एकच का वाजवतात?" श्वास लागलेला, आणि प्रश्न हा! म्हणजे परत धुळीवर आलोच मी. काय करू.

पैसे पहिल्या तारखेला पाठवतो, नको म्हणू नकोस. खोलीचं भाडं तेवढं सुटेल. आई तुझ्या खोलीत शिलाई मशीन हलवणार म्हणते, पण अजून हलवलेलं नाही.

आजीच्या तंबोऱ्याची जवारी पार गेली आहे, खर्जाची तार नुसती ठण् ठण् करते. पुढच्या महिन्यात कोयना एक्स्प्रेसने तो घेऊन येतो. पण उस्तादांकडे देईन हं, तुझ्याकडे नाही. तू शेजारी बसून बघ. तुझ्या हातात द्यायला अजून वेळ आहे.

तुझा,
बाबा

ता. क. पावसाळी हवेत लाखेचं पॉलिश पांढुरकं पडतं, म्हणून तिथे खिडक्या लावून घेतात का? घेत असतील तर तू पॉलिशच्या वेळी बाहेर बस. उस्तादांना मी सांगू का?